उदबत्ती विझव आणि नाक जमिनीला लाव

काकू, नमस्कार. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. घर जुनं, कौलारू, मातीच्या भिंतींचं. मृग लागल्यापासून सलग दोन दिवस ऊन बघितलेलं नाही. गेल्या वर्षी मामंजींना लकवा मारला, तेव्हापासून ते सोप्यालगतच्या खोलीत अंथरुणावर आहेत. त्या खोलीत लघवीचा वास भरून राहिलाय. तिजोरीतले कपडे कुबट मारतात. दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी म्हणून सोप्याजवळ नवी न्हाणी बांधली, तिचं दार उघडलं की गटाराचा भपकारा येतो. आणि श्रावण सुरू असूनही स्वयंपाकघरात सुक्या मासळीचा वास आहेच. मी सकाळ-संध्याकाळ उदबत्ती लावते, बाजारातला वासाचा फवारा मारते, पण त्यानं मामंजींना खोकल्याची उबळ येते. मागच्या खेपेला नणंद पुण्याहून आली आणि सोप्यात बसल्या बसल्या तिनं नाकाला पदर लावला. मी काही बोलले नाही, पण रात्रभर झोप लागली नाही. आता गौरी-गणपतीला सगळे येणार. घरगुती, नैसर्गिक, फार खर्चात न पाडणारं काहीतरी सांगा.
— खानापूर तालुक्यातली एक सून

पोरी,

तू मला काकू म्हणालीस, म्हणून मीही एकेरीच लिहिते. तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा त्या पदराबद्दलच वाईट वाटलं. अंथरुणावरच्या माणसाचं सगळं करणाऱ्या बाईला त्या खोलीच्या वासाची लाज वाटावी, आणि पदर नाकाला लागावा तो त्याच माणसाच्या लेकीचा, हे मनाला लागतंच. पण तुझ्या घराला वास येतो तो तू अस्वच्छ आहेस म्हणून येत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडचा पाऊस मला ठाऊक आहे. कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात आषाढात भिंतीसुद्धा घाम आल्यासारख्या ओल्या लागतात. तिथं घर कोरडं ठेवणं हेच मोठं काम आहे.

सगळ्यात आधी त्या उदबत्त्या आणि फवारा बंद कर. आजच. लकवा मारलेल्या माणसाला नीट खाकरता येत नाही, आणि बंद खोलीतला धूर, मग तो उदबत्तीचा असो, उदाचा असो की कडुलिंबाच्या पाल्याचा, त्यांच्या छातीला चांगला नाही. नैसर्गिक आहे म्हणून धूर कमी धूर होत नाही. शिवाय मोगऱ्याच्या वासाखाली लघवीचा वास आला की तो अधिकच किळसवाणा होतो, हे तूही अनुभवलं असशील. दोन दिवस काही लावू नकोस. खरा वास कुठून येतो ते नाकाला कळू दे.

तुझ्या घरात एक वास नाही, चार आहेत, आणि चौघांचं औषध वेगळं. ढोबळ हिशेब असा धर: मासळीचा आणि जुन्या लघवीचा वास खाऱ्या जातीचा, त्याला आंबट मारतं. घामट कपडे, नासलेलं दूध, खवट तेल यांचा वास आंबट जातीचा, त्याला सोडा मारतो. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस काढायची जी पद्धत सगळीकडे सांगतात ती करू नकोस. फेस बघायला छान वाटतो, पण दोघंही एकमेकांना मारून मोकळे होतात आणि तुझ्या हातात जवळजवळ नुसतं पाणी राहतं. एक आज वापर, दुसरं ते धुऊन वाळल्यावर.

आता मामंजींची खोली. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी आई शेवटचं दीड वर्ष आमच्या शहापुरातल्या घरी अंथरुणावर होती. रोज चादर बदलायची, फरशी पुसायची, तरी खोलीत पाऊल टाकलं की वास. एके दिवशी मी चिडून गुडघ्यावर बसले आणि नाक जमिनीला लावून खाटेभोवती फिरले. गादीला वास नव्हता, मेणकापडालाही नव्हता. वास होता खाटेच्या पायथ्याकडच्या डाव्या खुराला. लाकडी खूर, खाली वीतभर काळा पडलेला. मेणकापडाची कड तिथं दुमडलेली होती, आणि तिच्यावरून ओघळ उतरून थेंब थेंब त्या लाकडात मुरत होते. रोज मी चकचकीत फरशी पुसत होते आणि वास त्या खुरात बसून होता. खूर घासला, व्हिनेगरच्या पाण्याची पट्टी बांधून ठेवली, दोन दिवस वाळू दिला, वरून तेलरंग मारला. वास गेला. तूही तसंच नाक लावून शोध. खाटेचे खूर, भिंतीचा खालचा हातभर भाग, फरशीच्या सांध्या, खाटेखाली सरकवलेली चप्पल किंवा ट्रंक, पायपुसणं. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा ठेवतात तो कुणाकडून रात्रीपुरता मिळाला तर फारच उत्तम. अंधारात त्याच्या उजेडात वाळलेल्या लघवीचे डाग पिवळट चमकतात.

ताज्या लघवीला फारसा वास नसतो. ती तासन् तास पडून राहिली की जिवाणू तिच्यातल्या युरियाचा अमोनिया करतात, आणि डोळ्यांत जाणारा तो उग्र वास त्याचाच. म्हणजे खरी लढाई वेळेशी आहे. ओली चादर सकाळपर्यंत कोपऱ्यात ठेवू नकोस. लगेच गार पाण्यात पिळून काढ, मग धुवायचं तेव्हा धू. धुताना शेवटच्या पाण्यात बादलीला एक वाटी पांढरं व्हिनेगर घाल, अर्धा तास ठेव, साध्या पाण्यातून काढ. लाकूड, मेणकापड, प्लॅस्टिकचं भांडं यांना व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून लाव, थोड्या वेळानं पुसून घे.

पण फरशी कसली आहे ते आधी बघ. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी असते, आणि शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. व्हिनेगर, लिंबू, संडास धुवायचं ॲसिड, काहीही आंबट पडलं की तो दगड खातं, वरची गुळगुळीत कातडी जाते आणि मग लघवी आणखी मुरते. स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याचंही तेच. म्हणून शहाबादीला व्हिनेगर लावू नकोस. साबणाच्या किंवा रिठ्याच्या गरम पाण्यानं सांध्या ब्रशनं घास, दोन-तीनदा भरपूर साध्या पाण्यानं धू, फडक्यानं टिपून कोरडी कर. रात्री खायचा सोडा पाण्यात कालवून त्याचा लेप सांध्यांवर लाव, सकाळी झाडून पूस. हे चार-पाच दिवस करावं लागेल, एका दिवसात होणार नाही. फरशी पूर्ण सुकली की रिकाम्या झालेल्या सांध्या पांढऱ्या सिमेंटनं भरून घे. गवंडी लागत नाही, आपल्याला बोटानं जमतं.

एक गोष्ट जीव तोडून सांगते. त्या खोलीत किंवा न्हाणीत ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड कधी एकत्र करू नकोस. लघवीवरही ब्लीच ओतू नकोस, व्हिनेगरमध्येही घालू नकोस. त्यातून विषारी वायू निघतो, आणि अंथरुणावरच्या माणसाला उठून बाहेरही जाता येत नाही.

गादी कापसाची असेल आणि आतपर्यंत भिजली असेल तर ती वाचवायच्या मागे लागू नकोस. पावसाळ्यात ती वाळणार नाही. काढून ठेव, उन्हाळ्यात उसवून कापूस पिंजून घे. तोवर खाली वाकळ, तिच्यावर मेणकापड, आणि वर जुन्या धोतराच्या किंवा सुती लुगड्याच्या चौघडी घड्या. वाकळ धुवायला जड, घडी धुवायला हलकी. दहा-बारा घड्या केल्यास की ओली झाली रे झाली बदलायची, वाट बघायची नाही. मेणकापडाच्या कडा वर वळवून खाली दाबून बसव, आमच्यासारखी एक कड दुमडलेली राहू देऊ नकोस.

आणि पोरी, हे तुला कुणी सांगितलं नसेल: वास नको म्हणून त्यांचं पाणी कमी करू नकोस. पुष्कळ घरांत न बोलता हेच केलं जातं. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर पाणी कमी झालं की लघवी दाट होते, वास वाढतो आणि लघवीच्या मार्गात संसर्ग व्हायची भीतीही वाढते. त्यापेक्षा जागेपणी दर दोन-तीन तासांनी आपणहून भांडं लाव, विचारत बसू नकोस. म्हातारी माणसं संकोचानं नाही म्हणतात, त्यातून तू सून. हे काम तुझ्या नवऱ्यानं किंवा मुलानं केलं तर मामंजींनाही बरं वाटेल. वास एकाएकी वेगळा, घाणेरडा झाला, लघवी गढूळ दिसली, ताप आला किंवा ते भलतंसलतं बोलायला लागले तर घरगुती उपाय सोडून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव. रोज कूस वळवताना माकडहाड, टाचा, खुबे यांच्यावरची कातडी बघ. लाल चट्टा किंवा जखम दिसली तर तोही वासाचा उगम असू शकतो, आणि तो सगळ्यात तातडीचा.

आता तिजोरीतले कपडे. कुबट वास म्हणजे बुरशी, आणि बुरशीला ओल लागते. कपडे आतून ओलसर असताना घडी घातले गेले की वास तिथंच सुरू झाला. पावसात कपडे वलणीवर दोन-दोन दिवस लोंबतात, हाताला सुकल्यासारखे वाटतात, पण कमरपट्टीत आणि शिवणीत ओल राहते. एका दिवसात काही सुकेना असं दिसलं तर दाट वाळत घालू नकोस, थोडेच घाल, दोन कपड्यांत वीतभर जागा ठेव, घरात पंख्याखाली घाल. घडी घालण्याआधी शिवणींवरून इस्त्री फिरव आणि गरम घडी लगेच आत टाकू नकोस, निवू दे. ज्यांना वास लागलाच आहे ते कढत पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजव, म्हणजे सुती कपडे. रेशमी आणि लोकरीला धुण्याचा सोडा लावू नकोस, त्यांना फक्त हवा दे.

तिजोरी बाहेरच्या, पावसाच्या बाजूच्या भिंतीला टेकलेली असणार, मला खात्री आहे. ती हातभर पुढे ओढ आणि मागची भिंत बघ. काळे-हिरवे ठिपके दिसले तर कोरड्या झाडूनं झाडू नकोस, बुरशीची पूड घरभर उडते. तोंडाला फडकं बांधून ओल्या फडक्यानं पूस, मग व्हिनेगरचं फडकं फिरव. त्या भिंतीला कुणी प्लॅस्टिकचा रंग दिला असेल तर मूळ दुखणं तिथं आहे. मातीची भिंत श्वास घेते, रंगाच्या पापुद्र्याखाली ओल कोंडते. आमच्या आजीच्या घरी दर वर्षी दसऱ्याआधी भिंतींना चुना लागायचा तो काही नुसता पांढरा दिसावा म्हणून नव्हे. चुन्याच्या तिखटपणापुढे बुरशी धरत नाही आणि भिंत वाळतही राहते. यंदा आता पावसात जमणार नाही, पण दसऱ्याच्या सुमारास रंग खरवडून चुना दे. आणि त्या भिंतीवरचं एखादं कौल फुटलंय का ते आत्ताच बघून घे.

तिजोरीत कोळसा ठेव. साधा चुलीतला लाकडी कोळसा, तुकडे करून, न रंगवलेल्या मातीच्या पसरट भांड्यात. खानापूरच्या कुंभारकामाचं नाव सगळीकडे आहे, तुला भांडं शोधत जावं लागणार नाही. कोळसा ओल आणि थोडा वास ओढून घेतो, पण आठ-दहा दिवसांनी तो भरतो. मग तव्यावर कोरडा परतून निववून पुन्हा ठेव. हे न करता वर्षभर तोच कोळसा ठेवला तर त्याचा काही उपयोग नाही. सगळं कोरडं झाल्यावर वाळा, नागरमोथा, वेखंड यांची पुरचुंडी ठेव, मन प्रसन्न होतं. डांबरगोळ्या मात्र नकोत, आणि घरात तान्हं बाळ येणार असेल तर त्याच्या कपड्या-दुपट्यांत मुळीच नकोत. काही बाळांना त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून जबर कावीळ होते.

नव्या न्हाणीचं कोडं सगळ्यात सोपं आहे असं मला वाटतं. पाहुण्यांसाठी बांधली, म्हणजे एरवी कोणी वापरत नाही. जमिनीतल्या जाळीखाली जो ट्रॅप असतो त्यात कायम दोन बोटं पाणी साठलेलं असायला हवं. ते पाणी म्हणजे गटार आणि तुझं घर यांच्यामधलं दार. वापर नसला की ते सुकतं आणि शौचखड्ड्याचा वायू सरळ वर येतो. आज जाऊन त्या जाळीत बादलीभर पाणी ओत आणि दार लावून घे. उद्या वास नसेल तर दुखणं एवढंच होतं. पुढे दर आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा. बराच काळ बंद ठेवायची असेल तर पाण्यावर चमचाभर तेल सोड, पाणी उडत नाही. पाणी ओतूनही वास आला तर जाळी उचलून आत बघ. काही ट्रॅपमध्ये एक उलटी वाटी असते. पाणी तुंबतं म्हणून कुणीतरी ती काढून बाजूला ठेवतं, आणि मग ट्रॅप असून नसल्यासारखा. वाटी जागेवर असूनही वास येत असेल तर गवंड्याला बोलाव, आणि शौचखड्ड्याची हवेची नळी कौलांच्या वर गेली आहे का तेही त्याला बघायला सांग.

मासळीचं थोडक्यात. श्रावणात चूल शाकाहारी, तरी वास येतो, म्हणजे तो भांड्यांत नाही. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाला, भरून ठेवलेलं बोंबील-सुकट ज्या फळीवर किंवा ज्या पिशवीत आहे, तिथं आहे. पावसात सुकी मासळी हवेतली ओल ओढते आणि वास सोडते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भर, आधी तव्यावर मंद आचेवर कोरडी करून घे. बुरशी दिसली तर टाकून दे, धुऊन खाऊ नकोस. फळी लाकडी असेल तर चार आमसुलं वाटीभर पाण्यात कोळून त्या पाण्यानं पूस, मग साध्या पाण्यानं पूस. मासळीचा वास ज्या द्रव्याचा आहे ते आंबटाला चिकटून बसतं, हवेत उडत नाही. आपण बांगड्याला कोकम लावतो, लिंबू पिळतो, त्यात चवीबरोबर हेही आहेच. कडाप्प्यावर मात्र आमसुलाचं पाणी सांडलं तर लगेच पुसून घे.

फ्रीज तू लिहिला नाहीस. असेल तर मागे खाली पाणी साठायचा ट्रे असतो तो एकदा बाहेर काढून बघ.

आता श्रावण आहे, हे तुझ्या बाजूनं आहे. आषाढातली झड सरली, आता एक सर आणि एक ऊन. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला उघडीप दिसली की बाकीचं काम ठेव बाजूला. मामंजींना दोघांनी धरून सोप्यात खुर्चीवर बसवा, पाठीला लोड द्या, अंगावर उन्हाची तिरीप येऊ द्या. तेवढ्यात खोलीची खिडकी आणि समोरचं दार दोन्ही उघड, वारा आरपार जाऊ दे. वाकळ उन्हात, खाट बाहेर. अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. माझी आई अशी बाहेर बसली की रस्त्यावरच्या माणसांना हाका मारायची आणि आम्हाला म्हणायची, "बरं वाटूलालंय गे, राहू दे आणि जरा." खोलीला हवा लागत होती तशी तिलाही लागत होती.

नणंदेशी भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. ती आल्यावर पहिल्याच दिवशी तिला खोलीत ने, घड्या कुठं आहेत, मेणकापड कसं बसवायचं, कूस कशी वळवायची ते दाखव आणि म्हण, वन्सं, आजची रात्र तुम्ही बाबांजवळ झोपा, मला गौरीची तयारी आहे. ती नाही म्हणणार नाही असं मला वाटतं. अंथरुणाशी बसून कुणी काही दाखवलंच नाही, म्हणून लांबून पदर लावणारी माणसंही मी पाहिली आहेत आणि तीच माणसं नंतर चादर पिळताना पाहिली आहेत.

उद्या सकाळी न्हाणीच्या जाळीत बादलीभर पाणी ओतण्यापासून सुरुवात कर, आणि वाटी जागेवर होती की नव्हती ते मला नक्की कळव.

तुझी,
काकू